तिरामिसू, व्हाया धरणगाव

तिरामिसू हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, ही कराटेची एखादी स्टेप असणार. ऑफिसातली गँग पहिल्या पगाराची पार्टी उकळायला मला पुण्यातल्या एका कॉफी शॉपमध्ये घेऊन गेली होती. मेन्यूकार्डावर बोट ठेवून कुणीतरी ऑर्डर सोडली, ‘दोन तिरामिसू!’ काचेच्या ग्लासात ओलसर, तपकिरी-पांढरं काहीतरी आलं. पहिला चमचा तोंडात गेला आणि मी गप्प झालो. बिल आल्यावर आणखी गप्प झालो.

तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. पुढे वीकेंडला घरी करून बघण्यापर्यंत मजल गेली. मित्रमंडळी ‘सही आहे रे’ म्हणायची, फोटो काढायची, ट्रे चाटूनपुसून साफ करायची. आपण या विषयातले दादा झालो, अशी माझी पक्की समजूत होती. ती गेल्या वर्षी धरणगावात उतरली.

धरणगाव म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेलाइनीवरचं गाव. बालकवी ठोमऱ्यांचं जन्मगाव. आणि माझ्या मावशीचं घर.

आखाजीच्या काही आठवडे आधी मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, नाशिकहून फोन आला. ‘आखाजीला येतोयस ना? येताना काहीतरी गोड कर. मला चालेल असं.’ मी म्हटलं, डन! मग ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘आणि सगळ्यांना चालेल असं. माझं वेगळं नको.’

क्लायंटच्या चाळीस पानी ब्रीफने येत नाही एवढं टेन्शन मला त्या शेवटच्या वाक्याने आलं.

ज्यांना आखाजी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घरी आणतो, आम्ही खान्देशातले लोक लेकी घरी आणतो. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पितरांच्या नावाने घागर भरली जाते. पुरुष मंडळी पत्ते कुटतात (आणि किती हरलो ते घरी सांगत नाहीत). जेवायला आमरस, रशी, कुरडया-पापड आणि खापरावरची पुरणपोळी. आमचे मांडे हो!

आता हे ताट ताईच्या नजरेने बघा. मांडे गव्हाचे. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. रशीतला हिंग बांधानी, म्हणजे बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला. लेकींच्या सणाला माहेरी आलेल्या लेकीच्या पानात उरला आमरस!

ताईला सिलिअ‍ॅक डिसीज आहे. हे कळायला काही वर्षं गेली. आधी नुसता थकवा, मग केस गळणं, मग हिमोग्लोबिन कितीही गोळ्या घेतल्या तरी वर न येणं. कुणी म्हणालं टॉनिक घे, कुणी म्हणालं मन रमव. सासूबाईंच्या मते हे सगळे नखरे. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी करायला लावली, मग एंडोस्कोपी झाली आणि आजाराला नाव मिळालं. पोळी हे तिच्या आजाराचं कारण निघालं. गहू, बार्ली आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की तिच्या शरीराची संरक्षण यंत्रणा तिच्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याचं अस्तर सपाट होत जातं, मग लोह, कॅल्शियम, काहीच नीट शोषलं जात नाही. यावर आजवर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभरासाठी बंद, हाच उपचार. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा हा संबंध दाखवून दिला. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा या आजाराची मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा बिघडली, या अनुभवाने त्यांचा संशय पक्का झाला.

इथे एक फंडा क्लिअर करून टाकू. हल्ली जिममधला प्रत्येक दुसरा माणूस ‘मी ग्लुटेन सोडलंय’ असं सांगतो. सोडा बापडे! पण ग्लुटेन-फ्री म्हणजे लाइट नव्हे. बाजारातल्या कित्येक ग्लुटेन-फ्री बिस्किटांत स्टार्च, साखर आणि फॅट यांचीच रेलचेल असते. आणि तुम्हाला खरंच शंका असेल तर आधी तपासणी करा, मग गहू सोडा. उलट केलंत तर रक्तात आणि आतड्यात दिसणारी लक्षणं पुसट होतात आणि तपासणी फसवा निकाल देऊ शकते.

तर ताईची अट होती सगळ्यांना चालेल असं. यातल्या ‘सगळ्यांना’ या शब्दात मावशी आहे, जिच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. मावशीच्या सासूबाई आहेत, ज्यांना दारूचा वाससुद्धा चालत नाही. काकांचं कोलेस्टेरॉल आहे. आणि चार-पाच बारकी पोरं, ज्यांना फक्त गोड लागलं म्हणजे झालं. गुलाबजाम करावेत तर खव्यात मैदा. केक म्हटला की अंडं आलंच. रव्याचा लाडू? रवा गव्हाचाच. पुडिंग, जेली वगैरे प्रकारांना मावशी ‘दवाखान्यातलं खाणं’ म्हणते. मग मी म्हटलं, आपल्याला जे येतं तेच करू. तिरामिसू!

खरं तर तिरामिसू काही फार प्राचीन पदार्थ नाही. इटलीच्या ईशान्येला त्रेव्हिझो नावाचं शहर आहे. तिथल्या ‘ले बेक्केरिए’ या रेस्टॉरंटमध्ये तो १९७२च्या सुमारास मेन्यूकार्डावर आला, असं सर्वसाधारणपणे मानतात. शेफ रोबेर्तो लिंग्वानोत्तो आणि मालकीणबाई आल्बा काम्पेओल यांना त्याचं श्रेय दिलं जातं. शेजारचा फ्रिउली प्रांत मात्र म्हणतो, आमच्याकडे तोल्मेत्सो गावातल्या हॉटेलात हा त्याआधीपासूनच होता. २०१७मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत तो फ्रिउलीच्या नावाने टाकला आणि त्रेव्हिझोवाल्यांचा संताप झाला. आपल्याकडे मिसळ कोणाची यावर होतं तसंच! नावाचा अर्थ साधारण ‘मला वर उचल’, म्हणजे तरतरी आण.

त्रेव्हिझोच्या मूळ कृतीत दारू नाही, हे कळल्यावर मावशीच्या सासूबाईंचा प्रश्न मिटला. बाकी राहिले तीन. सावोयार्दी नावाची बोटासारखी लांबट बिस्किटं, ज्यात मैदा आणि अंडी. मास्कारपोने नावाचं चीज, ज्यात चाळीस टक्क्यांच्या पुढे फॅट. आणि त्यात फेटलेलं अंड्याचं कच्चं बलक. म्हणजे कॉफी आणि कोको सोडला तर सगळंच बदलायचं!

इटलीत हे असं बदलून करणं आता अगदी नेहमीचं झालंय. तिथे सिलिअ‍ॅक असणाऱ्यांसाठी २००५ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यांना ग्लुटेन-फ्री खाण्यासाठी सरकार दरमहा ठरावीक मदत देतं. २०२३मध्ये लहान मुलांची या आजारासाठी तपासणी करण्याचाही कायदा झाला. पास्ता आणि पिझ्झा खाणाऱ्या देशाने हे मनावर घेतलं. आपल्याकडे ‘घरचं एक दिवस खाल्लं तर काय होतं?’ इथेच गाडी अडते.

पुण्यात प्रयोग सुरू झाले. पहिल्या शनिवारी बाजारातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं आणली. कॉफीत बुडवली आणि खीर झाली. दुसऱ्या वेळी नाचणीचा पातळ केक केला. चव बरी, पण रंग कोकोसारखाच. कापल्यावर थर कुठला आणि सावली कुठली तेच कळेना. तिसऱ्या वेळी म्हटलं, अरे, आपण खान्देशातले आणि ज्वारी विसरलो? ज्वारीच्या पिठाचा अंडं नसलेला केक केला. दिसायला एकदम झकास. खाताना मात्र दाताखाली वाळू आल्यासारखं झालं आणि बोट लावलं की भुगा.

वैतागून मावशीला फोन लावला. म्हटलं, मावशी, ज्वारीचं पीठ धरतच नाही गं. ती हसली. ‘अरे, ज्वारीला आधी उकळतं पाणी दाखवावं लागतं. भाकरीला काय करते मी? विरी गेलेलं पीठ असलं की आधणाच्या पाण्यात मळते. गार पाण्यात मळलं की फुटणारच.’

आणि डोक्यात दिवा लागला. मावशीच्या घरात ग्लुटेनच्या दोन्ही बाजू रोज चालतात! मांडे करणारी बाई कणकेचा उंडा दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत फिरवत जाते. तो झिरझिरीत ओढणीएवढा होतो, फाटत नाही, आणि मग ती तो उपड्या खापरावर टाकते. हे ताणणं म्हणजे ग्लुटेन. त्याच चुलीवर दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी होते, आणि ती ताणली जात नाही, थापावी लागते. कारण तिथे ग्लुटेन नाही. तिला बांधून ठेवतं ते गरम पाण्यात फुललेलं स्टार्च. मी मात्र तीन शनिवार ज्वारीकडून मैद्याचं काम करून घ्यायला बघत होतो.

चौथ्या शनिवारी ज्वारीची उकड काढली. ती कृती आता नीट सांगतो, कारण इथेच सगळा खेळ आहे.

आठ-दहा माणसांसाठी दीडशे ग्रॅम ज्वारीचं पीठ घ्या, अगदी वस्त्रगाळ. त्यातल्या निम्म्या पिठावर दीडशे मिलिलिटर उकळतं दूध ओता, ढवळा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. घट्ट गोळा होईल, घाबरू नका. दुसरीकडे दीडशे ग्रॅम ताजं दही, ऐंशी ग्रॅम साखर आणि पन्नास ग्रॅम बिनवासाचं तेल फेटा. त्यात ती उकड थोडी थोडी कुस्करून घाला आणि गुठळ्या मोडा. मिक्सरमधून फिरवली तरी चालेल, कुणी बघत नाही. मग उरलेली ज्वारी, पन्नास ग्रॅम तांदळाची पिठी आणि दोन छोटे चमचे इसबगोल घाला. हो, तेच इसबगोल! घरातले आजोबा रात्री झोपताना घेतात ते. पाण्यात त्याचा चिकट लगदा होतो आणि तो अंड्याची व मैद्याची उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. इडलीच्या पिठाइतकं सैल होईल एवढं दूध घाला आणि अर्धा तास विसरून जा. ही विश्रांती चुकवलीत तर वाळू परत आली समजा. शेवटी दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. पसरट ट्रेमध्ये बटर पेपरवर बोटभरापेक्षा कमी जाडीचा थर ओता. १८० अंशांवर वीस मिनिटं भाजा. गार झाल्यावर दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा आणि १४० अंशांवर आणखी वीस मिनिटं वाळवा. टोस्टच्या अलीकडे, केकच्या पलीकडे असं काहीतरी होतं. डब्यात तीन-चार दिवस मस्त टिकतं.

बेकिंग पावडरचं लेबल वाचा, तिच्यात स्टार्च असतं आणि ते कशाचं ते बघायला हवं. भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा एफएसएसएआयचा नियम आहे. किलोमध्ये २० मिलिग्रॅम! यावरून कल्पना करा, किती कमी.

ताईला मोठ्या उत्साहाने फोन करून ही कृती ऐकवली. ती शांतपणे म्हणाली, ‘पीठ कुठे दळलंस?’

गिरणीत, आणखी कुठे?

‘तुझ्या आधी कुणाचं दळण होतं?’

बोंबला! सोसायटीखालच्या गिरणीत माझ्या आधी गव्हाचा अख्खा डबा दळला गेला होता, मी स्वतः रांगेत उभा होतो. गिरणीच्या दगडात आणि तोंडाशी आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. आपण गंमतीने म्हणतो ना, डबाभर दिलं आणि शेजारणीचं ओंजळभर मिळालं. ते ओंजळभर ताईच्या आतड्याला पुरेसं आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं, हे शंभर टक्के खरं. पण ज्वारीच्या पिठात नसतंच, असं नाही. ‘मी नाशकात भाकरी खायला लागले तरी सहा महिने बरं वाटत नव्हतं,’ ताई म्हणाली. ‘मग घरघंटी घेतली. तेव्हा कुठे फरक पडला.’ त्या घरघंटीच्या खर्चावरूनही सासरी बरंच काही झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी पुण्यातलं पीठ तिथेच ठेवलं आणि चार दिवस आधी धरणगाव गाठलं. बॉसला काय कारण सांगितलं ते इथे लिहिता येत नाही.

मावशीने दादर काढून ठेवली होती. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. पांढरी, टपोरी, चवीला गोडूस. आधी ती परातीत घेऊन दाणा दाणा निवडली, कारण धान्याच्या दुकानातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे सहज सापडतात. आम्हाला चार सापडले. मग धुऊन, उन्हात खडखडीत वाळवली. धरणगावच्या उन्हाला फार वेळ लागत नाही, तिथला एप्रिल-मेचा पारा ४४-४५ला सहज जातो. दळायला मागच्या पडवीतलं जातं. त्यावर वर्षानुवर्षं फक्त डाळी भरडल्या जातात. तरी मावशीने ते घासूनपुसून घेतलं आणि पहिल्या दोन मुठी दळून गाईला घातल्या. पुढचं मी दळलं. दहा मिनिटांत जिमची मेंबरशिप फुकट गेल्याचं सिद्ध झालं. अर्धा तास फिरवून जेमतेम पाव किलो. ते मलमलच्या कापडातून गाळलं. गाडीतून नेलेला नवा ओटीजी पडवीत मांडला आणि पट्ट्या तयार झाल्या.

आता क्रीम. मास्कारपोने म्हणजे काय, तर साय गरम करून आंबट घालून घट्ट केलेली, पाणी निथळलेली. पनीरची श्रीमंत मावसबहीण म्हणा. त्याला पर्याय म्हणून नेटवर पनीर, टोफू, भिजवलेले काजू असं काय काय सुचवलेलं असतं. मी पनीर करून बघितलं होतं. चव खडूसारखी. आपल्याकडे उत्तर आधीपासून खुंटीला टांगलेलं आहे. चक्का! सव्वा लिटर गाईच्या दुधाचं दही टांगलं की साडेचारशे-पाचशे ग्रॅम चक्का मिळतो. गाईच्या सव्वा लिटर दुधात साधारण पंचेचाळीस ग्रॅम फॅट असतं, म्हणजे चक्क्यात दहा टक्क्यांच्या आतबाहेर. मास्कारपोनेच्या पाव हिस्सा! त्यात शंभर मिलिलिटर पाकिटातलं फ्रेश क्रीम, साठ ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर घालतात, तसं करू नका, कॉफी आणि कोकोला कडू राहू द्या. दही अजिबात आंबट नको. उन्हाळ्यात खुंटीवर टांगलं तर दोन तासांत आंबतं, म्हणून चाळणीत कापड घालून फ्रिजमध्येच निथळवा, रात्रभर.

पण मावशीकडे रतीब म्हशीचा. म्हशीच्या दुधात फॅट जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं, मावशी, दूध तापवून गार कर, वरची साय काढ आणि मग विरजण लाव. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिची बांगडी मागितली असावी. ‘साय काढलेलं दही? आखाजीला? पाहुण्यांना?’ काकांचं कोलेस्टेरॉल पुढे केलं तेव्हा कुठे कबूल झाली. तीसुद्धा ‘कुणाला सांगू नको’ या अटीवर.

(फॅटवरून आठवलं. धरणगावच्या शेजारच्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप आणि तेलं करणारी एक कंपनी सुरू झाली. तिचंच पुढे विप्रो झालं. आमच्या आयटीवाल्या मित्रांनी ट्रान्स फॅटवर लेक्चर देण्याआधी आपल्या पगाराचं मूळ कुठे आहे ते आठवावं!)

कॉफीचं फार सोपं. अडीचशे मिलिलिटर गरम पाण्यात तीन मोठे चमचे इन्स्टंट कॉफी, साखर नाही. धरणगाव चहाचं गाव आहे, एस्प्रेसो कुठून आणणार? फिल्टर कॉफीचं दाट डिकॉक्शन असेल तर उत्तमच. चिकोरी असली तरी तिच्यात ग्लुटेन नसतं. मात्र इटलीतून कुणी ‘काफे दॉर्झो’ आणून दिली तर ताईसारख्यांना देऊ नका. ती बार्लीची कॉफी. तसंच वर भुरभुरायला साधा, बिनसाखरेचा कोको. माल्टवाल्या चॉकलेटी पावडरी नकोत. माल्ट बहुधा बार्लीचंच असतं.

आखाजीच्या दिवशी घरभर मांड्यांचं पीठ उडणार, म्हणून सगळं आदल्या दिवशी लावायचं ठरलं. दुपारी थर लावले. या पट्ट्या कॉफीत बुडवायच्या नाहीत हं, ट्रेमध्ये मांडायच्या आणि वर चमच्याने कॉफी शिंपडायची, नाहीतर पुन्हा खीर. पट्ट्या, कॉफी, चक्का, परत पट्ट्या, कॉफी, चक्का. झाकण लावून ट्रे फ्रिजमध्ये. किमान सहा तास. मी कॉलर ताठ करून बाहेर झोक्यावर जाऊन बसलो.

तीन वाजता वीज गेली.

चारला आली नाही. पाचला आली नाही. एवढ्या उन्हात बंद फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. मावशी दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडून ‘बघते हं काय झालं’ म्हणत होती आणि उरलीसुरली गार हवा सोडून देत होती. साडेपाचला मी मोटरसायकलवर जाऊन स्टेशन रोडवरून बर्फाची अर्धी लादी आणली. धान्याचं मोठं पातेलं, खाली बर्फ, मीठ, वर ट्रे, भोवती पोतं. ट्रे तिरपा झाला आणि एका कोपऱ्यातला चक्का खाली सरकला. वीज रात्री नवाला आली. इटालियन डेझर्टचा आमचा फोटो कुठल्याही मासिकात छापण्याच्या लायकीचा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घागर भरून झाली, पितरांचं पान झालं, पंगत बसली. मांडे, रस, रशी. रशीत यंदा मावशीने हिंगच घातला नव्हता, लसूण-खोबऱ्यावर भागवलं होतं, आणि ताईसाठी कळण्याच्या भाकरी. उडीद आणि ज्वारी दोन्ही त्याच जात्यावर दळलेले. मग मी कोको भुरभुरून ट्रे मधोमध आणला. मावशीच्या सासूबाईंनी चष्मा सावरून विचारलं, ‘हाई काय शे?’

तिरामिसू म्हटलं तर पुढे अर्धा तास गेला असता. ताईनेच उत्तर दिलं, ‘कॉफीचं श्रीखंड, आजी.’

पहिला चमचा ताईने घेतला. तसं आम्ही ठरवलंच होतं, कारण रसात बुडालेला, मांड्याला लागलेला कुणाचाही चमचा ट्रेमध्ये गेला की तिच्यासाठी ट्रे बाद. तिने आपला वाटा काढला, मग ट्रे फिरला. इतक्या वर्षांत आखाजीच्या पंगतीत तिच्या आणि सगळ्यांच्या वाटीत एकच पदार्थ असण्याची ही पहिलीच वेळ. यावर कुणी काही बोललं नाही. पोरं कोकोने मिश्या रंगवण्यात गुंग होती. काकांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. सासूबाईंनी पहिला घास घेऊन तोंड वाकडं केलं, ‘कडू शे!’ मग दुसरा घेतला, मग तिसरा.

चव? प्रामाणिकपणे सांगतो. त्रेव्हिझोचा माणूस याला तिरामिसू म्हणणार नाही. मास्कारपोनेचा तो मऊ, जड, बिनआवाजाचा स्निग्धपणा चक्क्याला येत नाही, मागे किंचित आंबूस चव राहते. पण कॉफीशी ती जुळते, आणि ज्वारीचा भाजका वास कोकोच्या खालून हळूच येतो तो मैद्याच्या बिस्किटात कधीच मिळाला नव्हता. फॅटचा हिशेब नेहमीच्या ट्रेच्या साधारण निम्म्यावर येतो, त्याहून कमी नाही. साखर आणि क्रीम आहेच. लाइट म्हणून दोन वाट्या हाणाल तर मला विचारायला येऊ नका.

माझा जीव मात्र पुढचे दोन दिवस टांगणीला होता. जातं, दादर, चमचे, हवेतलं पीठ... कुठे एक जरी चूक झाली असली तर? तिसऱ्या दिवशी पुण्यात मीटिंगमध्ये बसलो असताना ताईचा मेसेज आला : ‘पोट ओके.’ सोबत अंगठा.

पावसाळ्यात मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस झाला, कपाशीची लावण झाली. मग हळूच म्हणाली, ‘त्या कॉफीच्या श्रीखंडाला दही किती दुधाचं लावलं होतं रे?’

म्हटलं, कोण येतंय?

‘ताईच्या सासूबाई येताहेत नाशिकहून. त्यांनीच विचारलंय ते काय असतं म्हणून.’

सव्वा लिटर, मी सांगितलं. आणि मावशी, साय काढ.

फोन कट झाला होता.